कूलरचा सीझन: माणसं वाढवायची, ओटी (ओव्हरटाइम) लावायची की माल आधीच भरून ठेवायचा?

पत्रेवाला

नागपूरला हिंगणा एमआयडीसीत आमचं पत्र्याच्या डेझर्ट कूलरचं युनिट आहे. फार मोठं नाही. जून संपत आला की घरात दरवर्षी तोच वाद. मोठा भाऊ म्हणतो, पावसाळ्यापासूनच थोडा थोडा माल भरत राहू. मी म्हणतो, फेब्रुवारीत माणसं वाढवू. फोरमन म्हणतो, दोन्ही नको, ऐन वेळी ओटी लावा. या वेळी म्हटलं आकडे इथे मांडावेत. सोयीसाठी गोल केलेत.

वर्षाला ४,८०० नग. ऑक्टोबर ५०, नोव्हेंबर ५०, डिसेंबर १००, जानेवारी ३००, फेब्रुवारी ७००, मार्च १,२००, एप्रिल १,४००, मे ८००, जून २००. जुलै ते सप्टेंबर शून्य.

एका कूलरला पत्रा कापण्यापासून खोक्यात भरेपर्यंत ८ तासांची मजुरी लागते. माणूस महिन्याला २०० तास भरतो, म्हणजे माणशी २५ नग. पगार १५,००० धरला तर तासाला ७५ रुपये. नग आम्हाला ४,००० ला पडतो: ३,२०० कच्चा माल, ६०० मजुरी, २०० किरकोळ. डीलरला ४,८०० ला जातो. तयार कूलर महिनाभर ठेवायला ६० रुपये: वर्षाला १२ टक्क्यांनी व्याजाचे ४०, बाकी गोदाम, विमा आणि हलवाहलवीत पडणारे पोचे.

भावाचं गणित: ४,८०० भागिले १२, महिन्याला ४००, कायमची १६ माणसं. जानेवारीअखेर गोदामात २,३०० कूलर, म्हणजे ९२ लाख अडकले. महिनोन्महिने पडून असलेल्या मालाची बेरीज १३,७५० नग-महिने येते, ६० ने गुणलं की सव्वाआठ लाख.

माझं गणित: साठा शून्य, पण एप्रिलमध्ये ५६ माणसं आणि पावसाळ्यात कोणीच नाही. नव्या माणसाचा हात बसेपर्यंतचं नुकसान, गावाहून आणायचं भाडं, खोली, उचल असं धरून माणशी ५,००० म्हटलं तरी तीन लाखांच्या आत. कागदावर मी जिंकतो. तरी भाऊ ऐकत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ५६ माणसांचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही.

जाणकारांनी सांगावं.

शंकासुर

भावाच्या गणितात भोक आहे. वर्षाची सरासरी जुळली म्हणजे प्रत्येक महिना जुळला असं नाही. तुमच्याच आकड्यांनी एप्रिलअखेर २०० नग उरतात. मेमध्ये ४०० बनतात आणि ८०० हवेत, म्हणजे २०० नग कमी, डीलर रिकाम्या हातानं परत. ते २०० जूनमध्ये तयार होतील, पण तोवर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून घेऊन मोकळं झालेलं असेल. मेअखेरपर्यंत ४,६०० नग ११ महिन्यांत हवेत. महिन्याला ४१८ आले. १६ नाही, १७ माणसं लागतील.

हे नेहमी एकत्रित बेरजेवर तपासायचं असतं. जुलैपासून आजवर किती बनले आणि आजवर किती मागितले. बनलेल्याची रेघ मागणीच्या रेघेखाली एकदाही जाता कामा नये. वहीत दोन रकाने काढले तरी दिसतं.

अंकगणिती

धागा आवडला. हा प्रश्न फार जुना आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत कार्नेगी इन्स्टिट्यूटमधल्या चौघांनी (होल्ट, मोदिग्लियानी, म्यूथ आणि सायमन) एका रंगाच्या कारखान्यासाठी नेमका हाच हिशेब मांडला होता: माणसं किती ठेवायची आणि माल किती बनवायचा. त्यातल्या सायमन यांना १९७८ मध्ये आणि मोदिग्लियानींना १९८५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, कामं अर्थात वेगळी. त्यांनी साठा, ओटी आणि माणसांची चढउतार या तिघांचे खर्च वर्गाच्या प्रमाणात वाढतात असं धरलं. म्हणजे थोडी चढउतार जवळजवळ फुकट आणि मोठी चढउतार भयंकर महाग. तुमच्या गणितात हेच निसटलंय. तुम्ही माणशी ५,००० सरळ रेषेत लावलेत. पहिली पाच माणसं ५,००० त येतील, पण चाळिसावं माणूस त्या भावात मिळणार नाही. मिळालं तर त्याला शिकवायला कोण मोकळं असणार आहे?

आता ओटी. दुप्पट दरानं एका कूलरमागे ६०० रुपये जास्त जातात. साठवणीला महिन्याला ६०. म्हणजे एक कूलर दहा महिने गोदामात ठेवला तरी तो ओटीच्या कूलरपेक्षा महाग पडत नाही. नुसत्या या तुलनेवर गेलात तर ओटीचा एक तासही लावू नये. तरी सगळं जग ओटी लावतं. का, त्यावर उद्या लिहितो, आता पेपर तपासायचेत.

वैदर्भी

काऊन भाऊ, ५६ माणसं एप्रिलमध्ये आणता कुठून?

मी बुटीबोरीत दहा वर्षं सुपरवायझर होतो. आपल्याकडे येणारे लोक कुठले? गोंदिया, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा, थोडे गडचिरोलीकडचे. मार्चमध्ये मोहफूल पडायला लागलं की निम्मे गावाकडे. मोह वेचणं घरच्या बाया-पोरांसकट चालतं, पहाटे जाऊन टोपल्या भरायच्या, तो पैसा घरात रोख येतो. ते संपत नाही तर तेंदूपत्ता सुरू. मे महिना त्यातच जातो. मधे होळी आणि लग्नं. तुमची मागणी वर जाते तेव्हाच माणसांचा पुरवठा खाली येतो.

आणि तुमच्या भावाच्या पावसाळ्यातल्या कामालाही हेच लागू आहे. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी. तेव्हाही हजेरीपटावर भोकं पडतात, पण तेव्हा तुम्हाला घाई नसते म्हणून खपून जातं.

माझा अनुभव असा की वर्षभर कामावर असलेला माणूस तेंदूपत्त्याला दहा दिवसांची सुट्टी मागतो आणि परत येतो. हंगामी आणलेला सांगत नाही, एक दिवस येतच नाही. उचल घेतलेली असते ती तशीच राहते. म्हणून माझं मत, कायमची माणसं थोडी जास्तच ठेवा. महाग वाटतात, पडत नाहीत.

कायद्याचं बोला

दोन-तीन गोष्टी, कारण लोक हे धरतच नाहीत.

ओव्हरटाइमचा दर दुप्पट हा पर्याय नाही, तो कायदा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातही होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही आहे. बरेच लहान कारखाने सिंगल दरानं भागवतात आणि वहीत दाखवत नाहीत. अपघात झाला की ती वही सगळ्यात आधी मागतात. प्रेसवर बोट गेलं ते रात्री नवाला, आणि हजेरीत माणूस सहालाच घरी गेलेला, मग काय उत्तर देणार?

ओटीला तिमाहीची मर्यादा असते. महाराष्ट्रात ती ११५ तास होती, सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ती १४४ वर न्यायला मंजुरी दिली, कामगाराच्या लेखी संमतीसह. तुम्ही आराखडा ११५ च्या आत बसेल असाच करा. त्यापलीकडे ताणलं तर कायद्याआधी माणूसच मोडतो.

हंगामी माणसालाही बोनस लागतो. वर्षात ३० दिवस काम केलं की तो पात्र, किमान ८.३३ टक्के. फेब्रुवारी ते मे ठेवलेला प्रत्येक जण यात येतो. तो खर्च तुमच्या माणशी ५,००० मध्ये दिसत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलात तरी पगार आणि सवलती कायम कामगाराएवढ्याच द्याव्या लागतात.

पेणकर

आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आहे. गणपती वर्षातून एकदाच येतात. आम्ही काय करतो? विसर्जन झालं, महिनाभर विसावलो, की पुन्हा साचे बाहेर काढतो. पण मूर्ती पुरी करत नाही. कच्ची, पांढरीच ठेवतो. रंग, सोनेरी आणि शेवटी डोळ्यांची आखणी हे सगळं ऑर्डर पक्की झाली की. पेणहून कितीतरी मूर्ती अशा बिनरंगाच्याच मुंबईला जातात आणि तिथल्या कारखान्यांत रंगतात.

फायदा असा की पांढऱ्या मूर्तीला अजून पितांबराचा रंग ठरलेला नसतो. ज्याला पिवळा हवा त्याला पिवळा, जांभळा हवा त्याला जांभळा. रंगवून ठेवली आणि त्या वर्षी त्या रंगाची हौस उतरली की बसा. शिवाय रंगवलेल्या मूर्तीवर धूळ बसली की ती जुनी दिसते, कच्चीला ब्रश मारला की झालं.

तुमच्या कूलरमध्ये असा 'कच्चा' टप्पा आहे का?

जाता जाता: सणाचा माल असेल तर मागच्या वर्षीच्या महिन्याशी तुलना करू नका. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. कॉम्प्युटरवर 'गेल्या ऑगस्टपेक्षा विक्री घटली' असं लाल अक्षरात येतं आणि नवा मॅनेजर घाबरतो. तिथी लावून मोजा.

पत्रेवाला

@पेणकर, आहे! हा विचार केलाच नव्हता. आमचं काम सरळ दोन भागांत तुटतं. पहिला भाग बॉडीचा: पत्रा कापणं, वाकवणं, भोकं पाडणं, पावडर कोटिंग. त्याला ३ तास. दुसरा भाग जोडणीचा: मोटर, पंखा, पंप, वायरिंग, ताट्या (बाजूला लावायची, पाणी झिरपणारी पॅड), टेस्टिंग, पॅकिंग. त्याला ५ तास. बॉडीत पत्रा आणि पावडरचे १,३०० आणि मजुरीचे २२५, म्हणजे साधारण १,५०० रुपयेच अडकतात. मोटर आणि पंप हे महागडे भाग नंतर येतात. बाजूचे आणि मागचे पत्रे चारपैकी तीन मॉडेलांना सारखेच आहेत, फक्त समोरची जाळी बदलते. शिवाय जोडलेला कूलर म्हणजे पोकळ डबा, अर्धं गोदाम हवेनंच भरतं. सुटे पत्रे एकावर एक बसतात.

@वैदर्भी, मोहफुलाचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे त्याला 'मार्चची गळती' म्हणतात.

टिनपाट

पत्रे एकावर एक बसतात म्हणून खुश होऊ नका. जस्ताच्या पत्र्याचं फॅब्रिकेशन करतो, सांगतो. पावसाळ्यात दोन पत्र्यांच्या फटीत ओल शिरली की ती बाहेर पडत नाही. महिन्याभरानं गठ्ठा उघडलात की मधल्या पत्र्यांवर पांढरी पावडर, खडू घासल्यासारखी. तो पांढरा गंज. वरचा पत्रा चकाचक असतो, म्हणून वरवर बघून कळतही नाही. त्यावर पावडर कोटिंग केलंत तर सीझनमध्ये पापुद्रे सुटतील आणि डीलर फोटो पाठवेल.

कच्चा पत्रा साठवायचाच नाही. आला की कापा, वाकवा, धुवा, कोटिंग करा आणि मग ठेवा. जमिनीपासून वीतभर वर लाकडी फळ्यांवर, किंचित तिरके, म्हणजे पाणी गेलंच तर निथळेल. दोन कोटेड पत्र्यांमध्ये पातळ फोम घाला, नाहीतर ट्रकमधून नाही, तुमच्याच गोदामात घासून चरे पडतील. फोमचा खर्च नगामागे फार नाही. आणि ज्यांच्याकडे लाकडी भुशाच्या ताट्या आहेत त्यांनी त्या पावसाळ्यात बिलकूल भरू नयेत. ओल धरली की वास मारतात, कोरड्या राहिल्या तर एका ठिणगीत गोदाम जातं, आणि वेल्डिंग बाजूलाच चालू असतं.

अंकगणिती

आलो. पत्रेवाल्यांनी दोन टप्पे सांगितल्यामुळे गणित एकदम बदललं. मी असं मांडून पाहिलं.

कायमची १२ माणसं. जुलै ते डिसेंबर त्यांचे तास १२ × २०० × ६ = १४,४००. ऑक्टोबर ते डिसेंबरचे २०० कूलर जोडायला १,००० तास जातील. उरले १३,४००, त्यात ३ तासांनी ४,४६७ बॉडी. त्यातल्या २०० तिथेच वापरल्या. डिसेंबरअखेर रॅकवर ४,२६७ बॉडी. तयार कूलर एकही नाही.

जानेवारीपासून फक्त जोडणी. ५ तासांनी माणशी महिन्याला ४० नग. जानेवारीत १२ माणसं ४८० करतात, ३०० जातात, १८० उरतात. फेब्रुवारीत आणखी १२ हंगामी घ्या. एकूण २४ माणसं, ९६० नग, ७०० जातात, साठा ४४०. मार्चमध्ये ९६० बनतात, १,२०० जातात, साठा २००. एप्रिलला ९६० आणि २०० मिळून १,१६०, हवेत १,४००. तूट २४० नगांची, म्हणजे १,२०० तास. २४ माणसांत वाटले तर माणशी ५० तास. महिन्याच्या २५ दिवसांत रोज दोन तास ओटी झाली, आणि मे-जूनमध्ये लागतच नाही, म्हणून तिमाहीच्या मर्यादेच्या खूप आत. मेमध्ये ९६० ची ताकद आणि ८०० ची मागणी, त्यामुळे राहिलेल्या ३३३ (४,८०० वजा ४,४६७) बॉडींपैकी बऱ्याचशा तेव्हा होतील. जूनमध्ये हंगामी लोक परत.

५६ ऐवजी २४ माणसं. तयार कूलर कधीही ४४० च्या वर नाहीत. ओटीचा जादा भार १,२०० × ७५ = ९०,००० रुपये, म्हणजे भावाच्या साठवणीच्या खर्चाच्या जवळपास नववा हिस्सा. मात्र बॉडी ठेवायलाही खर्च आहेच, तो धरायला विसरू नका.

आता ओटी का लावतात ते. साठवणीची आणि ओटीची तुलना 'कूलर नक्की विकला जाणार' असं धरून केली होती. तो विकला गेला नाही तर? पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आठ महिने ६० रुपयांनी ४८०, वर जुनं मॉडेल म्हणून सूट ५०० धरू. जवळपास १,००० चं नुकसान. विकला गेला तर ८०० चा नफा, सीझनआधीची दोन-अडीच महिन्यांची साठवण १५० मात्र विकला गेला काय, न गेला काय, दोन्हीकडे वजा. ओटीनं ऑर्डर आल्यावर बनवला तर नफा फक्त २००, पण पडून राहायची भीती शून्य. समीकरण सोडवलं तर सीमारेषा ७२ टक्क्यांच्या आसपास येते. एखादा कूलर विकला जाण्याची खात्री दहात सातपेक्षा जास्त असेल तर आधी बनवा, कमी असेल तर ओटीसाठी सोडा. पहिले ३,५०० कूलर तुम्ही डोळे मिटून विकता. प्रश्न शेवटच्या हजाराचाच असतो. ओटी त्या हजाराचा विमा आहे.

वैदर्भी

+१. आणि तो शेवटचा हजार दरवर्षी दगा देतो. २०२५ चा मे आठवा. मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) २५ मेपासून लागतो, तो सुरू व्हायच्या आधीच आपल्याकडे ढग. मार्चमध्ये गारपीट, अवकाळी झाला की डीलर फोनच उचलत नाही.

२०२० तर विचारूच नका. २५ मार्चला लॉकडाऊन. ज्यांनी भरपूर भरून ठेवला होता त्यांची गोदामं भरलेली आणि ज्यांनी माणसांवर भरवसा ठेवला होता त्यांची माणसं पायी गावाकडे निघालेली. त्या वर्षी कोणताच आराखडा चालला नाही, त्यामुळे ते उदाहरण कोणाच्याच बाजूनं वापरू नये.

फराळवाली

मी बचत गटाचं दिवाळी फराळाचं काम बघते, त्यामुळे कूलरचं काही कळत नाही, पण एक विचारते. तुमच्याकडे 'तळणारी बाई' कोण आहे?

आमच्याकडे भाजणी पंधरा दिवस आधी दळून ठेवता येते, अनारशाचं पीठ त्याच्याही आधी. लाडूला हात हवे तेवढे मिळतात. पण चकली तळणाऱ्या दोघीच. तेलाचा अंदाज असलेल्या. बाकी वीस बायका ओटी करोत नाहीतर रात्रभर जागोत, चकली त्या दोघींच्या कढईतून निघेल तेवढीच. मी पहिल्यांदा माणसं मोजते, मग कढया मोजते, आणि ऑर्डर कढयांवर घेते. अंकगणिती सरांनी सगळे तास सारखे धरलेत. १२ माणसांपैकी वाकवणारी किती, वायरिंग येणारी किती?

पत्रेवाला

@फराळवाली, बाई, तुम्ही नेमकं धरलंत. आमची कढई म्हणजे पावडर कोटिंगची भट्टी. एका पाळीत दिवसाला ३० बॉडी, महिन्याला ७५०. म्हणजे माझी ५६ माणसांची योजना मुळातच अशक्य होती. एप्रिलमध्ये १,४०० बॉडी निघणारच नाहीत, दुसरी पाळी लावल्याशिवाय. आणि दुसरी पाळी म्हणजे वेगळा सुपरवायझर, संध्याकाळचा महागडा वीजदर आणि महावितरणच्या मंजूर भाराचा प्रश्न.

अंकगणितींच्या आराखड्यात ४,४६७ बॉडी सहा महिन्यांत, म्हणजे महिन्याला ७४५. भट्टी ७५०. काठोकाठ बसतंय. जरा जास्तच काठोकाठ. हीटर एकदा उडाला की तीन दिवस जातात. म्हणून जूनच्या मध्यापासूनच बॉडी सुरू करावी असं डोक्यात आलंय, तेव्हा जोडणीचं काम तसंही संपत आलेलं असतं.

वायरिंगवाले सध्या पाच. फेब्रुवारीत २४ माणसं घेतली तर निदान आठ लागतील. जानेवारीत मागणी कमी आहे तेव्हा वाकवणाऱ्यांपैकी तिघांना वायरिंग शिकवता येईल. त्यांनाही आवडेल, वायरमनला बाहेर मान आहे.

शंकासुर

सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून मी जरा दगड मारतो. ४,२६७ बॉडी गुणिले १,५०० म्हणजे ६४ लाख. भावाचे ९२ लाख होते, तुमचे ६४. कमी आहेत, पण 'साठा संपला' असं कोणी म्हणू नये. शिवाय पत्रा जुलैपासून विकत घ्यायचा म्हणजे पोलादाच्या भावाचा जुगार आलाच. जानेवारीत पत्रा स्वस्त झाला तर शेजारचा युनिटवाला तुमच्यापेक्षा शंभर-दीडशेनं खाली विकेल. आणि मॉडेलचा साइझ बदलला तर रॅकवर भंगार.

माझ्या मते सगळ्या ४,२६७ बॉडी करू नका. दरवर्षी हमखास खपणाऱ्या एक-दोन साइझच्याच करा, ३,००० पर्यंत. उरलेल्या वेळात भट्टी आणि वाकवणारे दुसऱ्या कामाला लावा. पत्र्याचं कपाट तुमच्याच यंत्रांवर होतं आणि तुळशीच्या लग्नानंतर त्याला मागणी असते.

वैदर्भी

कपाटाचं काम करून पाहिलेलं आहे. भाव पाडणारे फार आहेत आणि कुलुपाच्या तक्रारी वर्षभर येतात. शाळेचे बेंच बरे, पण त्याचे पैसे सरकारी गतीनं.

हिशेबनीस

बँकेत लघुउद्योगांची कर्जं बघतो. आत्तापर्यंत कोणी पैशाचं बोललं नाही म्हणून लिहितोय, कारण शेवटी आराखडा तिथेच अडतो.

कॅश क्रेडिटमध्ये (मालाच्या तारणावरचं फिरतं कर्ज) तुम्हाला मिळणारी रक्कम ही मंजूर मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर यांतली जी कमी असेल ती. ड्रॉइंग पॉवर म्हणजे माल अधिक येणी, त्यातून देणी वजा, आणि मार्जिन वजा. मालावर मार्जिन साधारण २५ टक्के. म्हणजे ६४ लाखांच्या बॉडींवर, पत्रा पुरवणाऱ्याची उधारी नसेल तर, ४८ लाख. उरलेले १६ लाख तुमच्या खिशातले.

पण मोठी मेख वेगळी. तयार कूलर आम्ही मोजतो, कच्चा पत्रा मोजतो. अर्धवट काम झालेला माल मोजायला बरेच अधिकारी नाखूश असतात, काही ठिकाणी त्यावर मार्जिन जास्त लावतात, काही ठिकाणी धरतच नाहीत. कारण वसुलीची वेळ आली तर वाकवलेला पत्रा घेणार कोण? इथे सगळ्यांना आवडलेला आराखडा नेमका त्याच खान्यात पडतोय.

यावर दोन उपाय. एक, हंगामी उद्योग म्हणून सीझनची आणि बिगरसीझनची अशा दोन मर्यादा मागा. अशी सोय असते, पण अर्ज सीझनच्या तोंडावर नको, ऑगस्टमध्येच द्या, मागच्या तीन वर्षांची महिनावार विक्री जोडून. तुमच्या बाबतीत पैशाची गरज डिसेंबर-जानेवारीत टोकाला आणि विक्री त्यानंतर, हे त्या तक्त्यात दिसलं पाहिजे. दोन, स्टॉक स्टेटमेंटमध्ये 'अर्धवट माल' असं मोघम लिहू नका. 'कोटिंग केलेले तयार सुटे भाग' असं साइझवार लिहा, प्रत्येक रॅकला नंबर द्या, वहीतला आकडा आणि रॅकवरचा आकडा जुळला पाहिजे. आमचा माणूस पाहणीला येतो तेव्हा त्याला तासाभरात मोजता आलं तर तो मान्य करतो. ढीग दिसला की तो शून्य लिहितो.

आणि डीलरला सांगा, तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल तर त्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर तो खर्च त्याला पैसे देईपर्यंत करात वजा मिळत नाही. त्याचा सीए त्याला मार्चमध्ये हे सांगतोच, तुम्ही फेब्रुवारीत सांगा.

पत्रेवाला

@हिशेबनीस, हे कोणीच सांगितलं नव्हतं. रॅक नंबरचं उद्यापासून.

भावाला धागा वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, बॉडी ३,००० च, ४,२६७ नाही, शंकासुरांशी तो सहमत. म्हणजे उरलेल्या बाराशे-तेराशे बॉडी जानेवारी ते मार्चमध्ये जोडणीसोबतच कराव्या लागतील. तिथे साधारण ३,८०० तास जास्तीचे निघतात, आणि ते १२ हंगामी माणसांत बसत नाहीत. त्यांना जानेवारीपासूनच घ्यावं लागेल, म्हणजे २,४०० तास मिळाले. राहिले १,४००. एक तर मार्चमध्येही ओटी, नाहीतर आणखी दोन-तीन माणसं. फोरमन ओटीच्या बाजूनं आहे, आश्चर्य नाही. मोहफुलाच्या महिन्यात ओटीवर किती भरवसा ठेवायचा, यावर वैदर्भींचं मत हवंय.

वैदर्भी

मार्चमध्ये ओटी धरू नका. होळीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस हजेरी पाऊणपट धरा, तीही नशीब असेल तर. त्यापेक्षा तीन माणसं जानेवारीतच जास्त घ्या, आणि ती शक्यतो नागपुरातलीच, घरी जाऊन जेवणारी. ओटी एप्रिलसाठीच ठेवा. तेव्हा लग्नाची उधारी फेडायची असते, लोक स्वतःहून थांबतात.